हा कायदा पत्रादेवीच्या पलीकडचा

आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये, भरते. गाड्या बाहेर काढायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि दिवस पावसाळ्याचे असले तर कोपऱ्यातल्या गळक्या पाइपाखाली बादली ठेवायची. गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीतली चोवीस फ्लॅटची इमारत, पंधरा-सोळा वर्षांची. चोवीसपैकी नऊ फ्लॅट वर्षातले अकरा महिने बंद. मालक कुणी मुंबईला, कुणी दिल्लीला, एक कुवेतला. त्यामुळे गणसंख्या भरली हीच आमच्याकडे बातमी असते.

यंदा ती भरली. बिल्डरचा विषय निघाला तसे दुसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज टाकायचा, बिल्डरवाचून जमीन सोसायटीच्या नावावर. सगळ्यांचे चेहरे उजळले. एवढं सोपं होतं तर सचिवाने आजवर केलं काय? सचिव म्हणजे मी.

"काका," मी म्हटलं, "हा कायदा पत्रादेवीच्या पलीकडचा." पत्रादेवी ही गोव्याची हद्द, पलीकडे महाराष्ट्र.

मराठीत सोसायट्यांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी. त्यात गैर काही नाही, वाचक तिकडे जास्त. पण ते फिरत फिरत फोंडा-म्हापशाच्या ग्रुपवर येतं आणि आपण ते आपलंच समजून भांडायला लागतो. महाराष्ट्राचा १९६३ चा सदनिका मालकी कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात. १९७० चा अपार्टमेंट कायदा. २०१९ मध्ये तिथल्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेलं वेगळं प्रकरण. तिथले आदर्श उपविधी. यांतलं काहीही गोव्याला लागू नाही. डीम्ड कन्व्हेयन्स हे मोफाचंच लेकरू.

या घोळाला थोडा इतिहासही आहे. गोव्याचा स्वतःचा सहकारी संस्था कायदा आला २००१ साली. त्याआधी इथे महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी कायदाच चालत होता. जुन्या सोसायट्यांच्या नोंदणी दाखल्यावर तो छापलेला दिसतो. तेव्हा ज्या पिढीने पणजीच्या सहकार खात्यात फायली फिरवल्या तिला महाराष्ट्राचं पुस्तक चालायचं. आता चालत नाही.

मग चालतं काय? काही कायदे दिल्लीचे, ते देशभर सारखे: रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), ग्राहक संरक्षण कायदा, जीएसटी. काही गोव्याचे: सहकार कायदा, वारसा कायदा, पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा. आणि उरलेलं सगळं आपल्याच कपाटात असतं, खरेदीखत आणि सोसायटीचे पोटनियम. माझा तीन वर्षांचा अनुभव असा की दहातली सात भांडणं या कपाटातल्या कागदांवर मिटतात आणि तेच कागद कुणी वाचलेले नसतात.

आपली सोसायटी कसली?

पहिला प्रश्न हा. गोव्यात इमारतीच्या फाटकावरची पाटी नीट वाचा. अनेक ठिकाणी "को-ऑपरेटिव्ह हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी" असं लिहिलेलं असतं. तो "मेंटेनन्स" शब्द शोभेचा नाही.

मुंबईतल्या नेहमीच्या गृहनिर्माण संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची, किंवा निदान ती संस्थेच्या नावावर व्हावी अशी अपेक्षा. सभासदाकडे भाग दाखला आणि फ्लॅट वापरायचा हक्क. गोव्यात बऱ्याच इमारतींमध्ये बिल्डर प्रत्येक गिऱ्हाइकाला सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं स्वतंत्र खरेदीखत करून देतो: अमुक फ्लॅट, आणि त्यासोबत जमिनीतला अमुक इतका अविभाजित हिस्सा. म्हणजे जमिनीचे मालक चोवीस जण मिळून. सोसायटीचं काम जिना झाडणं, पंप चालवणं, टाकी धुणं, लिफ्टचं बिल भरणं. जमीन तिची नाहीच, तर ती कुणी तिच्या नावावर करून द्यायचा प्रश्न येतो कुठे?

याचे परिणाम लांबवर जातात. उद्या इमारत पाडून नवी बांधायची ठरली तर सोसायटीच्या सभेत बहुमताने ठराव करून भागणार नाही. जमिनीतला हिस्सा ज्याचा त्याचा, त्यामुळे सही ज्याची त्याची, कुवेतवाल्याचीसुद्धा. फ्लॅट विकताना सोसायटी अडवून धरू शकत नाही. थकबाकी नसल्याचा दाखला देणं एवढाच तिचा वाटा. आणि उलट बाजूने, सोसायटीने परवानगी दिली म्हणून कुणी गच्चीचा मालक होत नाही.

आमच्या सभेत या मुद्द्यावर बरीच कुजबुज झाली, कारण निम्म्यांना आपल्याकडे खरेदीखत आहे की नुसता करार हेच ठाऊक नव्हतं. घरी जाऊन बघा म्हटलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला: अठरांकडे खरेदीखत, सहांकडे फक्त ॲग्रीमेंट फॉर सेल. ताबा घेतला, घरपट्टी भरतात, वीज नावावर, पण शेवटचा कागद झालेलाच नाही. बिल्डर म्हणाला होता "सगळ्यांची एकदम करूया", आणि ते एकदम कधी उजाडलं नाही. खरी काळजी या सहांनी करायची. कराराची पूर्तता करून मागण्याचा दिवाणी दावा करता येतो, पण त्याला मुदत असते: करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं, नसेल तर नकार मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. म्हणून बिल्डरचं "नाही" असं पत्र हातात पडलं की ते फाइलला लावून विसरायचं नाही, त्याच आठवड्यात वकील गाठायचा.

एक व चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीचा कागद, हा आणखी एक भीतीचा विषय. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर मी आमचा सर्व्हे नंबर घातला तर अजून जुन्या जमीनमालकाचंच नाव. सभेत ते सांगितल्यावर एक बाई घाबरून म्हणाल्या, "म्हणजे आमचं घर त्याचं?" तसं नाही. महसुली नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी नोंदणीकृत खरेदीखतातून येते. पण नोंद जुनी राहिली की कर्ज देणारी बँक शंका काढते आणि जुन्या मालकाच्या वारसांना भलत्या कल्पना सुचतात. मामलेदाराकडे म्युटेशनचा, म्हणजे नोंदीतलं नाव बदलण्याचा, अर्ज करून ठेवलेला बरा. शहरी भागात असाल तर सर्व्हे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर शोधावा लागेल. प्लॉटच्या कोपऱ्यात एखादं जुनं कौलारू घर असेल तर त्यातला माणूस मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, आहे का हेही बघा. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही. बिल्डरने "तो जाणार आहे" असं सांगितलेलं असतं. तो जात नाही, आणि जावं का त्याने?

बिल्डर, आणि त्याची पाच वर्षं

रेरा हा २०१६ चा केंद्रीय कायदा, त्यामुळे गोव्यालाही तोच. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट, एरवी ती सक्तीची. १ मे २०१७ ला ज्यांचं काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला नव्हता तेही यात आले. आमची इमारत त्याआधीची, म्हणजे आम्हाला याचा उपयोग नाही. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग आमच्यासाठी आहे तरी काय?" त्यावर येतोच.

ज्यांची इमारत नवी आहे त्यांनी मात्र रेरातल्या काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निम्म्याहून जास्त फ्लॅटांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत ग्राहकांची संघटना, म्हणजे आपल्याकडे सोसायटी, उभी करण्याची सोय बिल्डरने करायची, स्थानिक कायदा काही वेगळं सांगत नसेल तर. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. मंजूर नकाशा बदलून एक मजला वाढवायचा असेल तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि त्या हिशोबात बिल्डरचे स्वतःचे फ्लॅट धरत नाहीत. या पाच वर्षांचं एक सांगतो. गोव्यात दोष पावसाळ्यात दिसतो आणि तक्रार दिवाळीनंतर होते, कारण तोवर भिंत वाळते आणि राग ओसरतो. ओल दिसली त्या दिवशी फोटो काढून, तारीख घालून, बिल्डरला ईमेल करा. पाचातले पाचही पावसाळे वापरा.

आता जुन्या इमारतीचं. तिथे ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत, म्हणून बिल्डरचे वकील पहिला आक्षेप मुदतीचाच घेतात. पण जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निकाल दिला. त्या सोसायटीला बिल्डरने ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळवून दिलं नव्हतं, त्यामुळे तिला मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. न्यायालय म्हणालं, दाखला न मिळवून देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ती रोज चालू राहणारी चूक आहे; मुदत संपली असं म्हणता येणार नाही. या प्रकरणात मोफाचाही आधार होता हे खरं, तरी त्रुटी आणि मुदतीचं सूत्र ग्राहक कायद्यातलं आहे. पंचायत किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी दाखला नसलेल्या गोव्यातल्या इमारतींनी हा निकाल वकिलासमोर ठेवायला हरकत नाही. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग.

पार्किंग

पार्किंगवरून आमच्याकडे दोन सख्खे शेजारी चार वर्षं बोलत नाहीत. एकजण म्हणतो, "मी दीड लाख देऊन विकत घेतलं." दुसरा म्हणतो, "स्टिल्ट सगळ्यांचं."

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद प्रकरणात सांगितलं की स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डर सुटी विकू शकत नाही. लोक हा निकाल ग्रुपवर टाकतात, पण तो मोफाच्या कलमांवर उभा आहे. गोव्यात तो जसाच्या तसा लावता येत नाही, त्यातला युक्तिवाद तेवढा घेता येतो. रेरा मात्र थेट आपल्याला लागू: त्यात उघडं पार्किंग हे सामायिक क्षेत्रच आहे, आणि गॅरेजची व्याख्या अशी की वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती हव्यात. स्टिल्टला छप्पर असतं, तीन भिंती नसतात. तेव्हा नव्या इमारतीत उघडी जागा विकली असेल तर ती विक्री टिकणं कठीण. स्टिल्टमधल्या जागेबद्दल मंजूर नकाशा आणि खरेदीखत समोर ठेवल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

त्या दीड लाखवाल्याची पावती मी पाहिली. साध्या कागदावर, रबरी शिक्का, खरेदीखतात पार्किंगचं नावसुद्धा नाही. त्याला तसं सांगितलं तर तो माझ्याशीही बोलेनासा झाला.

गळती, गच्ची आणि पत्रे

याबद्दल कायद्याच्या पुस्तकात थोडं आणि गोव्याच्या पावसात पुष्कळ सापडतं.

आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी बेडरूमच्या छतावर नकाशा उमटला. आधी फिकट पिवळा, मग काठांना तपकिरी, मग थेंब. तळमजल्यावरच्या दुकानदाराने सभेत स्वच्छ सांगितलं, "माझ्या डोक्यावर तीन घरं आहेत, पाणी माझ्यापर्यंत येतच नाही. मी कशाला पैसे देऊ?" त्याचं बोलणं ऐकायला रास्त वाटतं, पण ते टिकत नाही. वरचा स्लॅब हे सगळ्या इमारतीचं छप्पर आहे. तो सामायिक भाग, खर्च सगळ्यांचा. तसंच तळमजल्याच्या सोक पिटचा खर्च वरच्यांनाही. पण एका फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी उतरत असेल तर तो त्या दोघांतला मामला. सोसायटी मध्यस्थी करते, प्लंबर पाठवते, अभियंत्याचा लेखी अहवाल घेते. तो अहवाल पुढे सहकार निबंधकाकडे किंवा दिवाणी न्यायालयात लागतो. त्याच्याविना सगळं "मी म्हणतो, तो म्हणतो" यावर अडकतं.

आता पत्रे. गोव्यात जुन्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याचं छप्पर चढवणं हाच गळतीवरचा लोकमान्य उपाय. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एकाने ठरावाआधीच आपल्या डोक्यावरचा भाग झाकला, मग त्याला जाळी लावली, मग कुलूप. गच्चीतल्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे यावरून अतिक्रमण ओळखावं. सामायिक जागा एकाने बंद केली की ती दुरुस्ती राहत नाही. त्याला नोटीस दिली, त्याने कुलूप काढलं, जाळी अजून आहे.

इमारत फारच जुनी असेल, सळया दिसत असतील, तर गळतीवर थांबू नका, स्ट्रक्चरल अभियंता बोलवा. जानेवारी २०१४ मध्ये काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, माणसं गेली. तेव्हापासून आमच्या सभेत "पळोवया", म्हणजे "बघूया", हा शब्द निदान या विषयावर कुणी म्हणत नाही.

थकबाकी आणि तीन परके आकडे

देखभाल शुल्क न भरणाऱ्याचं पाणी तोडा, ही सूचना दर सभेत येते. तोडू नका. पाणी आणि वीज या जगण्याच्या मूलभूत गोष्टी आहेत अशीच न्यायालयांची भूमिका असते. ज्याने पैसे बुडवले तोच मग तक्रारदार होतो आणि समिती आरोपी. योग्य वाट कंटाळवाणी आहे: लेखी बिल, लेखी स्मरणपत्र, समितीचा ठराव, मग सहकार कायद्याखाली निबंधकाकडे विवाद अर्ज. निवाडा मिळाला की वसुलीची कारवाई करता येते. बंद फ्लॅटचा मालक दिल्लीत बसून "मी राहतच नाही तर कसली देखभाल" असं म्हणत असेल तर त्याला सांगा, त्याच्या फ्लॅटवरही छप्पर आहे.

तीन आकडे मात्र डोक्यातून काढून टाका: थकबाकीवर एकवीस टक्के व्याज, फ्लॅट भाड्याने दिल्यास सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा आकार, आणि हस्तांतरणाचे कमाल पंचवीस हजार. हे तिन्ही महाराष्ट्राचे, तिथल्या आदर्श उपविधी आणि सरकारी परिपत्रकांमधले. आपल्याकडे व्याज किती, आकार किती, हे आपल्या नोंदणीकृत पोटनियमात लिहिलेलं असेल तेवढंच. नसेल लिहिलं तर सभेने उत्साहात ठरवलेला आकडा निबंधकासमोर टिकत नाही. पोटनियम दुरुस्त करून ते मंजूर करून घ्यावे लागतात. आणि पोटनियम हे कायद्याच्या विरुद्ध असू शकत नाहीत. तो सभासदांमधला करार आहे, विधानसभेने केलेला कायदा नाही.

जीएसटीची भीती छोट्या सोसायट्यांनी उगाच बाळगू नये. दरमहा प्रति सभासद ७,५०० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर कर नाही, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. आमचं चोवीस गुणिले अडीच हजार, म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार. विषय संपला. शिवोली-आसगावकडच्या पोहण्याचा तलाव असलेल्या वसाहतींचं गणित वेगळं. समजा महिना ९,००० रुपये. सरकारचं २०१९ चं परिपत्रक म्हणतं की मर्यादा ओलांडली की पूर्ण रकमेवर १८ टक्के, म्हणजे १,६२० रुपये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं, फक्त वरच्या १,५०० वर, म्हणजे २७० रुपये. यात सीएचा सल्ला घ्या.

फ्लॅटमालक वारल्यावर

गोव्यातली सोसायटी महाराष्ट्रातल्या सोसायटीपासून सगळ्यात दूर जाते ती इथे. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, आणि आता तिच्या वारसा-भागाची जागा घेणारा गोव्याचा २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा.

गोंयकार जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी अर्धा बायकोचा. ती वारस म्हणून नंतर मिळवते असं नाही, आधीपासूनच मालकीण असते. म्हणून विक्रीच्या वेळी दोघांच्या सह्या लागतात. आयकर कायद्यातसुद्धा याच्यासाठी ५-अ नावाचं कलम घातलं गेलं: १९६१ च्या त्या कायद्यात घरभाड्याचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायची सोय केली होती.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वारले. सोसायटीच्या दप्तरात त्यांचा नॉमिनेशन फॉर्म सापडला, पुतण्याच्या नावाचा. बाराव्यानंतर चार दिवसांनी पुतण्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन आला. "माझं नाव चढवा." समितीतले दोघे म्हणाले, चढवू या, फॉर्म तर आहे. मी म्हटलं, थांबा.

नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, बिल कुणाला पाठवायचं, एवढ्यासाठी ते असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, पश्चिम बंगालच्या एका सोसायटीच्या प्रकरणात, सांगितलं की तिथल्या कायद्यानुसार सोसायटीने नॉमिनीच्या नावे सभासदत्व करावं, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. तो त्यांनी योग्य ठिकाणी मागावा. २०२३ मध्ये कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच तत्त्व पुन्हा मांडलं गेलं. आमच्या बाबतीत तर त्या गृहस्थांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फ्लॅटच्या अर्ध्याच्या मालकीण होत्याच. उरलेल्या अर्ध्यातही मुलं असली की निम्मा भाग कायद्याने त्यांच्यासाठी राखीव. म्हणजे मृत्युपत्र केलं असतं तरी त्या गृहस्थांना पुतण्याला देता येण्यासारखे रुपयातले चार आणे. आणि इथे मृत्युपत्र नव्हतंच, नुसता एक फॉर्म.

समितीने कुणाचंही नाव चढवलं नाही. दोन्ही बाजूंना लेखी कळवलं: विशेष नोटरीकडून, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडून, डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करून आणा, वाटणीवर एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कार्यवाही, घाला, तोवर बिल फ्लॅटच्या नावाने निघेल आणि ते वहिनी भरतील. वहिनींनी डीड आणलं. पुतण्या परत आला नाही. मला मात्र अजून वाटतं की त्या गृहस्थांनी स्वतःच तो फॉर्म लग्नाआधी भरला असावा आणि नंतर विसरून गेले असावेत. तुमच्या सोसायटीच्या दप्तरातला आपला फॉर्म एकदा काढून बघा.

बाहेरचे पाहुणे आणि आतले कुत्रे

रोजच्या भाड्याने पाहुणे ठेवणारे फ्लॅट आता किनाऱ्यापुरते राहिले नाहीत. असा धंदा करायचा तर गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते. सोसायटीने सरसकट बंदी घातली तर ती टिकेल का, हा वादाचा विषय. पण नोंदणीचा दाखला मागणं, पाहुण्यांची नोंदवही ठेवणं, सामायिक जागेचे नियम करणं, रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद म्हणजे बंद, हे सगळं हातात आहे. नोंदणी नसेल तर खात्याकडे तक्रार करा. फाटक अडवून पाहुण्यांशी हुज्जत घालू नका, ते दोन दिवसांत जातात आणि व्हिडिओ मागे राहतो.

कुत्र्यांबद्दल एवढंच: पाळीव कुत्र्यावर बंदी घालणारा ठराव करू नका, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्याच्या विरुद्ध आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवणं हे २०२३ च्या नियमांनी सोसायटीवरच टाकलंय. आम्ही मागच्या भिंतीजवळची जागा ठरवली. कुत्र्यांना ती मान्य नाही, ते अजून लिफ्टसमोरच बसतात.

जायचं कुठे

सहकार निबंधकांचं कार्यालय पणजीत पाटोला, सहकार संकुलात. गोवा रेराचं कार्यालयही पाटोलाच, चालत जाण्याइतकं. पहिल्या ठिकाणी सोसायटीचे अंतर्गत वाद: निवडणूक, हिशेब, थकबाकी, सभासदत्व. दुसऱ्या ठिकाणी नोंदणीकृत प्रकल्पातल्या बिल्डरविरुद्धच्या तक्रारी. जमिनीचा, वारशाचा, अतिक्रमणाचा प्रश्न या दोन्ही ठिकाणी सुटत नाही. त्याला मामलेदार, नोटरी किंवा न्यायालय. चुकीच्या खिडकीवर सहा महिने घालवलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांतला एक मीच.

सहकार खात्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावरच्या बाईंनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोटनियमांची मंजूर प्रत आणलीय?" नव्हती आणली. बसने फोंड्याला परत आलो. ती प्रत शोधायला आठ दिवस लागले. आधीच्या सचिवांच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली मिळाली.

सध्या ती काकांकडे आहे. परवा जिन्यात भेटले तेव्हा चष्मा कपाळावर होता. "हे गणसंख्येचं कलम," ते म्हणाले, "यात कुवेतवाला मोजायचा की नाही?"